माळ्यावरच्या मैफली : रसिकांनी टिपलेल्या ध्वनिफितींचा इतिहास

(१)
१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने तिच्यावर कोरलेले होते आणि त्यांत भारताचा एकच होता: सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. तिचा अवधी साधारण साडेतीन मिनिटांचा. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकराव्या दिवशी केसरबाईंचे निधन झाले. आज ती भैरवी सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोहोचली आहे. मात्र केसरबाईंची कीर्ती ज्यावर उभी होती, त्या सावकाश उलगडणाऱ्या रागविस्ताराची मुद्रणे मोजकीच उरली आहेत. असे का झाले, आणि जे उरले ते कोणी राखले, याचा हा धागा.

(२)
प्रथम अडचण समजून घेऊ. ख्याल ही बव्हंशी त्याच क्षणी घडणारी कला आहे. बंदिशीचे शब्द आणि तिचा स्वरांचा साचा ठरलेला असतो. पुढचा सारा विस्तार गायक समोरच्या श्रोत्यांसमक्ष रचतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापून 'क्रमिक पुस्तकमालिके'त आणल्या, हे उपकार मोठेच. परंतु स्वरलिपीत उतरतो तो सांगाडा. एखाद्या गायकाने एका विशिष्ट रात्री यमनाचा गंधार कसा लावला, कोठे थांबला, तबलजीने समेवर काय केले, हे कागदावर राहत नाही. अशा कलेच्या इतिहासाला ध्वनी हेच मूळ साधन.

(३)
भारतात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गायन टिपले. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढ्यात राग दाखवायचा, बंदिश मांडायची, ताना घ्यायच्या आणि शेवट करायचा. अब्दुल करीम खाँसारख्या कलावंतांनी या मर्यादेतही अप्रतिम काम केले. त्यांची १९३० च्या दशकातील झिंझोटीची ठुमरी आजही लोक आवडीने ऐकतात. पण तबकडीवरून त्या काळच्या मैफलीचा अंदाज बांधणे म्हणजे पोस्टकार्डावरून पत्रव्यवहाराची कल्पना करणे. 'तेव्हाचे ख्याल जलद लयीतच गात' असा निष्कर्ष केवळ तबकड्या ऐकून काढला, तर तो घाईचा ठरेल. घाई यंत्राला होती.

(४)
काही आवाज तर तबकडीपर्यंतही पोहोचले नाहीत. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. पुण्याच्या भारत गायन समाजाचे ते संस्थापक, 'संगीत स्वयंवर'च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. त्यांचा आवाज आपल्यापाशी नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, मुंबईत राहत होते, तबकड्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. तरी त्यांचेही ध्वनिमुद्रण नाही. या दोघांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून आलेले.

(५)
केसरबाई या अल्लादिया खाँच्याच शिष्या. १९२१ पासून त्यांची तालीम खाँसाहेबांकडे सुरू झाली. त्यांनी काही तबकड्या दिल्या. पण पुढे ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांपासून त्या दूर राहिल्या. मैफलीत कोणी आपले गाणे टिपून घ्यावे हे त्यांना खपत नसे, असे त्यांना ऐकलेल्यांच्या आठवणींत वारंवार येते. हा केवळ तऱ्हेवाईकपणा मानला तर इतिहास कळणार नाही. घराण्याचे अनवट राग आणि बंदिशी ही वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेली मिळकत होती. बिदागी मैफलीला मिळे. यंत्रात शिरलेले गाणे कोणीही, कोठेही, कितीही वेळा वाजवणार आणि गाणारीला त्याचे काहीच मिळणार नाही, ही भीती अगदी व्यावहारिक होती.

(६)
आणखीही एक कारण होते. मैफलीत गायक श्रोता पाहून गातो. पहिल्या रांगेत जाणकार बसले आहेत, रात्र चढली आहे, तंबोरे जुळले आहेत, तेव्हा जे सुचते ते त्या बैठकीचे असते. तेच गाणे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पानावर बसून कोणी ऐकेल, ही कल्पना त्या पिढीतील अनेकांना अपमानास्पद वाटे. हा आक्षेप आजही पूर्णपणे खोडता येत नाही. फीत मैफल देत नाही. मैफलीचा पुरावा देते. या दोहोंतला फरक विसरला की श्रोत्याचीही फसगत होते आणि अभ्यासकाचीही.

(७)
त्याच गायकीतला उलट दाखला पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा. अल्लादिया खाँचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे त्यांचे गुरू. तरुणपणी त्यांनी तबकड्या दिल्या, आकाशवाणीवर गायिले, आणि उतारवयात महाराष्ट्रभर त्यांच्या मैफली झाल्या. त्या मैफली रसिकांनी टिपल्या. परिणाम असा की एकाच परंपरेतील दोन थोर कलावंतांपैकी एकाचे उत्तरायुष्यातील गाणे आपण तासन्‌तास ऐकू शकतो, तर दुसरीचे बरेचसे वर्णनांवरूनच जाणतो. पुढील पिढ्यांच्या मनातील 'जयपूर गायकी'चे चित्र या तफावतीने किती घडवले, हा संगीताच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

(८)
हे शक्य झाले चुंबकीय फितीमुळे. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेले हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरले. बाराशे फुटांचे एक स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरवले तर एका बाजूस सुमारे बत्तीस मिनिटे मिळत. वेग निम्मा केला तर तासाहून थोडे अधिक, पण आवाजाचा कस उतरे. म्हणजे प्रथमच विलंबित ख्याल जवळजवळ पुरा मावू लागला. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढल्या दोन दशकांत हे काम मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आले. आकाशवाणीनेही १९५२ पासून राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू केला होता; तोही घरोघरी टिपला जाऊ लागला.

(९)
मुंबईत मैफलींचा भूगोल याच काळात विस्तारत होता. गिरगावातील ब्राह्मण सभेचा गणेशोत्सव आणि लक्ष्मीबाग ही जुनी ठिकाणे. मग दादर-माटुंगा, सांताक्रूझ, पार्ले, मुलुंड, चेंबूर असे लोकवस्तीबरोबर संगीत मंडळांचे जाळे उपनगरांत गेले. चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी १९६२ ची. पुण्यात भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सवाई गंधर्व महोत्सव आरंभिला. अशा मंडळांत कलावंताच्या माइकशेजारी आणखी एक माइक दिसू लागला. तो कधी मंडळाच्या चिटणिसाचा असे, कधी यजमानाचा, कधी एखाद्या बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरदार रसिकाचा. कधी परवानगीने, कधी 'बुवांना कळू देऊ नका' या अटीवर.

(१०)
याच सुमारास अमेरिकेत अगदी निराळ्या संगीताभोवती असाच प्रकार घडत होता. 'ग्रेटफुल डेड' हा वाद्यवृंद एकच गाणे प्रत्येक रात्री वेगळ्या रीतीने फुलवी. त्याच्या कार्यक्रमांची संख्या दोन हजारांवर गेली. चाहते यंत्रे घेऊन येत आणि फितींची अदलाबदल करीत. वाद्यवृंदाने विरोध सोडून ऑक्टोबर १९८४ पासून प्रेक्षागृहात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. संकेत एकच: फीत विकायची नाही. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाची फीत पुढे अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली. तेथे कोणत्या तारखेला काय वाजले, याची सूची आज कोणालाही पाहता येते.

(११)
आपल्याकडे कलावंतांनी अशी जागा सहसा राखली नाही आणि रसिकांनी अशी सामाईक सूची केली नाही. फिती ओळखीने फिरल्या. 'अमक्याकडे कुमारांचा एक बहार आहे' ही बातमी कानोकानी जाई. प्रत हवी असेल तर बदल्यात काही तरी द्यावे लागे, किंवा विश्वास संपादन करावा लागे. काही संग्राहक उदार होते, काहींनी आयुष्यभर कपाटाचे कुलूप काढले नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींतील मुद्रणे रीतसर कॅसेटरूपाने प्रकाशित केली, आणि मैफलीचे गाणे प्रथमच सामान्य श्रोत्याच्या घरी आले. तथापि प्रकाशात आले ते थोडे. घरांत राहिले ते पुष्कळ.

(१२)
येथे ट्रॉम्बेचा एक धागा जुळतो. ट्रॉम्बे म्हटले की अणुभट्टी आठवते. डॉ. होमी भाभा यांनी १९५४ मध्ये तेथे अणुशक्ती संस्था उभारली; 'अप्सरा' ही भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. पाश्चात्त्य अभिजात संगीत हे होमी भाभांचे जिवाभावाचे वेड. ते १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. पुढील वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. त्यांचे धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या साथीने 'एनसीपीए' ही संस्था स्थापली. गुरुमुखातून चालत आलेल्या कला टिपून ठेवणे हा तिच्या आरंभीच्या हेतूंपैकी एक होता. एकाच घरातील दोन भावांनी मुंबईच्या दोन टोकांना उभारलेल्या या दोन संस्था.

(१३)
या क्षेत्राला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत डॉ. अशोक रानडे यांचे नाव अग्रभागी येते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. पुढे एनसीपीएतही त्यांनी काम केले. १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने पुण्यात एक ध्वनिसंग्रह सुरू केला, जो नंतर दिल्लीला आणि मग गुरुग्रामला गेला. त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. फिती तेथे ठेव म्हणून स्वीकारल्या जातात, हक्क ठेवीदाराकडे राहतात आणि कोणी काय ऐकावे याच्या अटी तोच घालू शकतो. कुलूप आणि मुक्त वाटप यांच्यामधला हा मार्ग आपल्याकडच्या संकोची संग्राहकांसाठी फार उपयोगाचा ठरला असता. तेथवर पोहोचले मात्र थोडेच.

(१४)
अशी फीत अभ्यासक कशी ऐकतो? जुन्या कागदाची करावी तशी आधी बाह्य परीक्षा. डब्यावर लिहिलेली तारीख मूळ मैफलीची की प्रत काढल्याची? मग वेग. फीत सुमारे सहा टक्के जलद फिरली की सारे गाणे एका स्वराने वर सरकते. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि आवाज अकारण तरुण वाटतो. म्हणून आधी कलावंताची नेहमीची पट्टी माहीत हवी. मग खंड. बाजू उलटताना गेलेली अर्धी-एक मिनिटे बहुधा विलंबिताच्या ऐन मध्यावर असतात. ती जागा गायकाने सोडलेली नसते. ती स्पुलाने गिळलेली असते.

(१५)
नंतर अंतःपरीक्षा. तबकडीत नसलेले बरेच काही येथे सापडते. तंबोरा पुन्हा जुळवताना बुवांनी साथीदाराला काय सांगितले, कोणत्या जागेला दाद आली आणि कोणत्या जागेला सभागृह गप्प राहिले, कोणी फर्माईश केली, ती मानली की टाळली. दोन वेगळ्या रात्रींचा एकच राग शेजारी ठेवला की आणखी एक गोष्ट उमगते: गायकाचे ठरलेले काय आणि सुचलेले काय. जे दोन्हीकडे येते ती तालीम. जे एकीकडेच येते ती ती रात्र. हा भेद एका तबकडीवरून कधीच करता येत नाही. तात्काळ स्फुरणाऱ्या कलेचे मोल तुलनेतून कळते, आणि तुलनेला किमान दोन फिती लागतात.

(१६)
काही गोष्टी तर आता फितीतच उरल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकावर बंधने आली आणि मंडपातील रात्रभर चालणाऱ्या मैफलींची परंपरा ओसरली. नागरिकांच्या झोपेच्या दृष्टीने नियम योग्यच. पण रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, थकलेल्या आणि तरीही जाग्या श्रोत्यांसमोर उमटणारा ललत किंवा भटियार आता उघड्या मंडपात सहसा भेटत नाही. बंद सभागृहात सकाळी साडेनऊला तेच राग गायिले जातात; त्यांची वेळ मात्र बदललेली असते. पहाटेची ती दाद ऐकायची तर जुन्या फितीकडेच जावे लागते.

(१७)
पण या संग्रहांना एक मोठी उणीव आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. यंत्र ज्याच्या घरी, त्याच्या आवडीचे गाणे टिकले. चेंबूर-ट्रॉम्बे-घाटकोपर हा पट्टा घेतला तर घाटकोपरच्या चिरागनगरात शाहीर अण्णा भाऊ साठे राहत. पूर्व उपनगरांतील चाळी आणि झोपडवस्त्यांत शाहिरी, भजन, आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांच्या रात्री होत होत्या. तेथेही गायक समोरचा जमाव पाहून कडवी वाढवीत असे, तेथेही दोन रात्री सारख्या नसत. परंतु महागडे स्पूलयंत्र तेथे क्वचितच गेले. कॅसेट स्वस्त झाल्यावर प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचे आवाज घरोघर पोहोचले, तेही बहुधा स्टुडिओतले. ख्यालाच्या मैफली माळ्यावर तरी सापडतात. त्या जलशांसाठी माळाच नव्हता.

(१८)
हक्काचा प्रश्नही सुटलेला नाही. भारतीय कायद्यात कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्याआधीच्या असंख्य फिती तोंडी संमतीच्या किंवा संमतीविनाच्या आहेत. ज्या गायिकेने आयुष्यभर नकार दिला, तिचे चोरून टिपलेले गाणे आज सर्वांपुढे ठेवावे का? 'कला सर्वांची' हे उत्तर सोपे आहे, पण ज्यांची बिदागी बुडाली त्यांना ते पुरणारे नाही. साथीदारांची नावे तर बहुतेक डब्यांवर नसतातच. निदान तबलजी आणि पेटीवाल्याचे नाव शोधून लिहिणे, वारसांना विचारणे आणि त्या गाण्यावर पैसे न कमावणे, एवढी किमान मर्यादा पाळता येते.

(१९)
महाराष्ट्राला असे संकट नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या इतिहासाचे कागद सरकारी दप्तरांबाहेर घराघरांत पडून होते. काही वाळवीच्या तोंडी, काही रद्दीत. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांची मने वळवून रुमाल सोडवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करू लागले. बावीस खंडांचा तो संग्रह नसता तर अठरावे शतक आपल्याला बखरींतूनच वाचावे लागले असते. ध्वनिफितींच्या बाबतीत आपण आज नेमके तेथे उभे आहोत. एक फरक मात्र आहे: कागद दोनशे वर्षे थांबला. फीत थांबणार नाही.

(२०)
मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. जुन्या ॲसिटेट फितीला शिरक्याचा वास येऊ लागला की तिचे विघटन सुरू झाले असे समजावे. ती आक्रसते, ठिसूळ होते, तुटते. आणि फीत धड असली तरी ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. संग्राहकांची पिढी ऐंशीच्या घरात आहे. घर बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना जे प्रथम टाकले जाते त्यात न वाजणारे यंत्र आणि नाव न लिहिलेले डबे असतात.

(२१)
म्हणून ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. फीत उत्साहाने कोणत्याही जुन्या यंत्रावर चढवू नये. पहिल्याच फेरीत ती तुटू शकते. डब्यावरचे आणि आतल्या चिठ्ठीवरचे प्रत्येक अक्षर छायाचित्रात उतरवावे. ज्यांनी टिपले ते हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून विचारावे: हे कोठले, कोणत्या साली, साथीला कोण होते, परवानगी होती का. ही माहिती फितीत नसते; ती माणसाबरोबर जाते. त्यानंतर जाणकार संस्थेकडून डिजिटल प्रत करून घ्यावी आणि मूळ फीतही जपून ठेवावी. भास्करबुवांच्या आवाजासाठी आता काही करता येत नाही. १९६८ च्या एखाद्या रात्री पार्ल्यात किंवा चेंबुरात गायिलेल्या मालकंसासाठी अजून करता येते.